लिंबात शिजलेला मासा

खामसिंगनी वाडगा जावयापुढे सरकवला आणि त्यांची मुलगी लामदुआन वाकून त्यात पाहू लागली... बारीक चिरलेला कच्चा मासा, लिंबाचा रस, मिरची, भाजलेल्या तांदळाची भरड, वर पुदिना.

"घ्या जावईबापू. त्या इस्पितळाच्या बाटल्यांनी काय अंगात रक्त भरणार? नदीचा मासा आहे, पहाटेच धरलाय."

"बाबा, डॉक्टरांनी कच्चं वर्ज्य केलंय," लामदुआन म्हणाली.

"कच्चं कुठाय? पांढरा पडलाय बघ. लिंबात शिजतो तो. सत्तर वर्षं खातोय मी. वर्ज्य करायचंच होतं तर यांनी वेळीच दारू वर्ज्य करायची होती."

जावई, प्रयून, कसनुसं हसला. त्या बिचाऱ्याने सणावारालाच काय ती दारू ओठाला लावलेली. पण पित्तनलिकेच्या कर्करोगाचं निदान झाल्यापासून, गेले चार महिने, सारं गाव त्याला दारुडा ठरवत होतं, आणि तो ते मान खाली घालून ऐकत होता. खरं कारण डॉक्टरांनी दोघांनाच सांगितलं होतं : कच्च्या माशातला कृमी यकृतात शिरतो आणि वर्षानुवर्षं पित्तनलिका कुरतडत राहतो. तिथेच, खोनकेन शहरातल्या इस्पितळाच्या दारात, प्रयूनने बायकोकडून वचन घेतलं होतं : "बाबांना कळता कामा नये. त्यांनी मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलंय."

प्रयून दक्षिणेकडचा, रस्सा खाणारा. रिवाजाप्रमाणे लग्नानंतर सासुरवाडीला राहायला आला, तेव्हा त्याने मासा शिजवून मागितला, तर खामसिंग चारचौघांत म्हणाले होते, "याला काय बाळंतिणीचं जेवण लागतं?" त्या दिवसापासून त्याने तो वाडगा कधी नाकारला नाही.

शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. आता दोन औषधं एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक शिरेतून द्यायची, आठवड्याने पुन्हा, तिसरा आठवडा विश्रांतीचा. त्यातून महिने मिळणार होते, वर्षं नव्हेत. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या, की साधा जंतूही जिवावर बेतला असता.

हे सारं ठाऊक असूनही प्रयूनने भाताचा गोळा केला आणि हात वाडग्याकडे नेला.

लामदुआनने वाडगा ओढून घेतला. "बाबा, दारू नाही. यानेच झालंय त्यांना."

"लामदुआन, गप्प बस," प्रयून म्हणाला.

ती गप्प बसली नाही. कृमीपासून कर्करोगापर्यंत सगळं तिने सांगून टाकलं. म्हाताऱ्याने विचारलं,

"मग मला कसा नाही झाला?"

"ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचाच्या भोंग्यावर, लसीकरणाच्या सूचनेपाठोपाठ, म्हाताऱ्याचा आवाज आला. "मी खामसिंग बोलतोय. माझा जावई दारुडा नाही. त्याला कच्चा मासा मी खायला लावला, हसून हसून लावला. लिंबाने काही शिजत नाही. तुम्ही चुलीवर शिजवा." भोंगा खरखरला, बंद पडला.

घरी येऊन म्हातारा अंथरुणाच्या पायथ्याशी बसला. प्रयूनने त्याचं मस्तक छातीशी घेतलं, आणि वीस वर्षांत जे दोघे एकमेकांशी पिकापाण्यापलीकडे बोलले नव्हते, ते लहान मुलांसारखे रडले...

खामसिंग बाहेर गेल्यावर प्रयून भिंतीकडे पाहत म्हणाला, "मी तो वाडगा नुसता पुढ्यात ठेवून, न खाता उठलो असतो. त्यांना हे कळू न देणं, एवढंच द्यायला माझ्याजवळ उरलं होतं, ते तू घेतलंस."

"तुम्ही खाणार होता."

"असेन. मला जायचंच आहे. त्यांना मात्र हे घेऊन जगायचंय."

सोमवारी पुढच्या औषधासाठी तिघे निघाले. खामसिंगनी जावयाला आधार देऊन गाडीत पुढच्या बाकावर बसवलं, स्वतः त्याच्या शेजारी बसले. वाटभर दोघे भातरोपांविषयी हलक्या आवाजात बोलत होते. लामदुआन मागे, मऊ भाताचा डबा मांडीवर धरून बसली होती. इस्पितळ येईपर्यंत दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.