बेनिग्नोचं पाणी

लाइट गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. ओदालमिसने एक सणसणीत शिवी हासडली आणि चिकटलेली पानं उचलून खिडकीशी जाऊन बसली.

हवानाच्या त्या दप्तरखान्यात तिचं काम एवढंच. चिकटलेले कागद सुटे करायचे, फाटलेले खळीने जोडायचे. सध्या टेबलावर पिवळ्या तापाची पेटी होती. शंभरावर वर्षांपूर्वी शहराबाहेर छावणी टाकून डॉक्टरांनी हा ताप डासांमुळे होतो का ते तपासलेलं. बोटीतून नुकत्याच उतरलेल्या स्पॅनिश पोरांनी सोन्याची नाणी घेऊन डासांपुढे हात धरलेले. पेटीत डॉक्टरांची टिपणं होती, तापाचे तक्ते होते, आणि बेनिग्नो लोउसाओ नावाच्या पोराचं आईला लिहिलेलं, कधीच टपालात न पडलेलं पत्र होतं.

'आई, पोटात काही ठरत नाही म्हणून इथे पाणी मोजून देतात. घोट मोजतात. मी झोपेतही घोट मोजतो.'

त्याच्या तक्त्यावरची रेघ वर वर चढत गेलेली आणि मग नुसतीच संपलेली.

कपाटावर जाड काचेचा एक ग्लास होता, पाण्याने भरलेला. तो नेरेइदाने बेनिग्नोसाठी ठेवलेला. नेरेइदा तिथली सगळ्यात जुनी बाई. मेलेल्याचं पत्र उघडलं की त्याच्या नावाने पाणी ठेवायचं, घरी आपल्या माणसांसाठी ठेवतात तसंच, ही तिची रीत.

"जिवंतांच्या नळाला थेंब नाही," ओदालमिस म्हणायची, "आणि या साहेबांना ग्लासभर!"

"तोंड सांभाळ पोरी. तो ऐकतो."

"ऐकतो ना? मग लाइट आण म्हणावं."

नेरेइदाचा गुडघा सुजला आणि ती घरी बसली. जाताना बजावून गेली, पाणी बदलत जा. ओदालमिसने एकदाही बदललं नाही.

मग डासवाला एलिएसेर आला. करडा गणवेश, हातात टॉर्च. घरोघरी फिरून टाक्या तपासायच्या आणि दारामागच्या कागदावर सही करायची, ही त्याची नोकरी. त्याने टॉर्च ग्लासावर मारला.

"अळ्या वळवळतायत, बाई. मेलेल्यांचं पाणी रोज बदला. किती वेळा सांगायचं?"

ओदालमिस भडकली. त्याच्यादेखत ग्लास मोरीत उपडा केला, घासला आणि पिशवीत टाकला. घरी सगळे बाटल्या कापून केलेले ग्लास. हा पोरीला होईल.

लेयानिस पाच वर्षांची. तिला तो जाडजूड ग्लास फार आवडला. लागोपाठ दोनदा भरून प्याली.

दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली.

"डेंगी असेल," डॉक्टरीण म्हणाली. "पाणी पाजत राहा."

ओदालमिस पाजत राहिली. पोर घटाघट प्यायची, तरी ओठ कोरडे, सालं निघालेली. दुपारी कपाळावर ओलं फडकं ठेवताना ओदालमिसला दिसलं, चादरीवर तिची बोटं हलतायत. अंगठा एकेका पेरावर टेकतोय.

"काय करतेस, राणी?"

"घोट मोजतेय. इथे मोजूनच देतात ना."

त्या पत्राबद्दल ओदालमिस घरी चकार शब्द बोलली नव्हती.

शेजारणीला पोरीपाशी बसवून ती ग्लास घेऊन धावत सुटली. नेरेइदा कामावर परतली होती. तिने ग्लास पाहिला, ओदालमिसचा चेहरा पाहिला.

"त्याचा ग्लास तू जित्या पोरीला दिलास?"

"बडबड नंतर कर! काय करू ते सांग."

"भर. ठेव. माफी माग."

ओदालमिसने ग्लास काठोकाठ भरून कपाटावर ठेवला.

"बेनिग्नो, चुकलं. हवं तेवढं पी. तिला सोड."

बाहेर कबुतरं घुमत होती. काहीच झालं नाही.

मग ग्लासातलं पाणी उतरलं. एक घोट.

थांबलं.

आणखी एक.

नेरेइदाने मान फिरवली.

घरी आली तर ताप गेलेला. लेयानिस बाहुलीचे केस विंचरत बसलेली. ओदालमिस तिला छातीशी धरून हमसून हमसून रडली, मग पाणी पुढे केलं.

"नको. तहान नाही."

दुसऱ्या दिवशीही नको. नंतरही नको.

त्याच आठवड्यात एलिएसेर घरी आला. टाकी पाहिली, बादल्या पाहिल्या, दारामागच्या कागदावर सही केली. निघता निघता त्याचा टॉर्च कपाटाच्या माथ्यावर गेला.

तिथे कापलेल्या बाटलीचा हिरवा ग्लास होता. लेयानिसचा. अर्धा रिकामा.

ओदालमिसने तो तिथे ठेवला नव्हता. पोरीचा हात तर स्टुलावर चढूनही पोचला नसता.

एलिएसेरने आत डोकावून पाहिलं. "पुन्हा अळ्या. मेलेल्यांचं पाणी रोज बदला, सांगितलंय ना?"

"या घरात कुणी मेलेलं नाही," ओदालमिस म्हणाली.

फरशीवर खेळणाऱ्या लेयानिसने मान वर केली. ओठ कोरडे, सालं निघालेली.

"तुम्हीच सांगा हिला, काका," ती म्हणाली. "मला शिळंच प्यावं लागतं."