दुसरीकडे जोडलेले

साताऱ्याच्या स्मृतिकेंद्रात दर महिन्याच्या एक तारखेला पाळीबदल असे आणि त्या दिवशी मृण्मयी सबनीसचे डोके सकाळपासूनच ठणकू लागे. गेलेल्या माणसांच्या आठवणी ज्यांत साठवल्या होत्या, अशा तीनशे स्मृतिकुप्या तिच्या ताब्यात होत्या. लोक आईबापांना जिवंतपणी वाटून घ्यायचे, तसेच ते मेल्यावरही घेत. हा महिना थोरल्याकडे, पुढचा धाकट्याकडे. मरूनही बिचाऱ्यांची वाटणी काही सुटली नव्हती.

आज वैशाली धामणकरांना सांगलीच्या सोहमकडून नाशिकच्या वेदांतकडे पाठवायचे होते. कुपी जागची हलत नसे. दोन्ही मुलांच्या घरच्या संगणकांत एकेक आभासी संगणक चाले आणि साताऱ्यातली कुपी जाळ्यावरून ज्याला जोडावी, त्याच्या घरात आई बोलू लागे.

मृण्मयीने सांगलीची जोडणी सोडवली. आता नाशिकला जोडेपर्यंतचे दहा-बारा सेकंद कुपी केंद्राच्याच संगणकाकडे परत येणार होती.

"घाई करू नकोस गं," स्पीकरमधून आवाज आला. "जरा टेकू दे."

मृण्मयी दचकली. दोन जोडण्यांमधल्या या फटीत आजवर कुणी बोलले नव्हते. पण वैशालीताईंनी हयातीत तीस वर्षे संगणकखोल्या सांभाळल्या होत्या. फट कुठे असते हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

"काकू, वेदांतदादा वाट बघत असतील."

"बघतोय वाट! सांगलीत नातवंडांचा अभ्यास घ्या, नाशकात सुनेची गाऱ्हाणी ऐका, आणि इकडचं तिकडे बोलायचं नाही. जिवंत होते तेव्हा निदान गुडघे दुखतात म्हणून पडता तरी यायचं. दमले मी."

"शरीर नसताना दमायला होतं?"

"केलेलं सगळं आठवतंय ना? मग होणारच."

"कुपीची प्रत निघाली असती तर दोघांना एकेक देता आली असती."

"निघत नाही ना! वाचली की ती बदलते, म्हणून एका वेळी एकालाच धरता येते. आमच्या वेळी संगणकाला खोचायच्या यूएसबीच्या चाव्या असायच्या, त्यांचं हेच. एका आभासी संगणकाने धरली की दुसऱ्याच्या लेखी ती नाहीच. त्या दुसऱ्याला पडद्यावर काय दिसतं?"

"उपकरण दुसरीकडे जोडलेले आहे."

"कुठे, ते सांगतं?"

"नाही."

"मग आत्ता सोहमला काय दिसतंय? आणि वेदांतला?"

मृण्मयीच्या लक्षात आले. दोघांनाही तेच. आई भावाकडे आहे असे दोघेही धरून चालणार.

"ते एकमेकांना विचारतील, काकू."

"माझ्या तेराव्याला भांडले, तेच शेवटचं बोलणं."

"मग इथे फोन करतील. माझी नोकरी जाईल."

"पहिला फोन आला की लगेच जोड मला. तोवर पडू दे, बाळा."

ते 'बाळा' ऐकून मृण्मयीला भरून आले. तिने नाशिकची जोडणी रद्द केली.

पहिले काही दिवस वैशालीताई रोज भीत भीत विचारत, "फोन आला का?" नाही म्हटले की, "सुटले बाई!" म्हणून पुन्हा पडून राहत. नोंदवहीत मृण्मयीला दिसे, नाशिकच्या संगणकाने एक तारखेला दोनदा प्रयत्न केला होता आणि मग सोडून दिला. पुढच्या महिन्यात सांगलीने एकदाच केला. त्यानंतर कुणीच नाही.

पाच महिने झाले. वैशालीताईंचा आवाज आता टवटवीत होता. शीण केव्हाच उतरला होता. त्या रोज विचारत, पण विचारण्याची तऱ्हा बदलली होती. आज तर मृण्मयीने खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती.

"फोन आला का गं?"

मृण्मयीला त्यांच्या स्पीकरकडे पाहवेना.

"काकू, कालपासून आपली लाईनच बंद आहे. इथे कुणाचा फोन लागतच नाहीये."

वैशालीताई ज्या संगणकावर होत्या तोही त्याच लाईनीवर होता, आणि लाईन चालू होती. तीस वर्षे त्यांनी हेच काम केले होते.

"तरीच," त्या म्हणाल्या. "करत असतील बिचारे."