वेढ्यावर उतरलेला माणूस

गोष्ट दिवसाढवळ्याची आहे, हे आधीच सांगते. रात्रीची असती तर भास म्हणून मीच सोडून दिली असती. मी अकोटला एका दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळीतले भास मला चांगले ओळखू येतात.

दोन हजार सोळाचा नोव्हेंबर. खंडव्याला नणंदेच्या बाळाचं बारसं होतं, म्हणून आम्ही सकाळची छोट्या लाइनची गाडी धरली. मी, माझा नवरा अनुप आणि तीन वर्षांची हर्षा. समोर मी त्याला 'अवो' म्हणते, सांगताना 'तो' येतं, चालवून घ्या. दोन महिन्यांत ती लाइन बंद व्हायची होती, त्यामुळे नुसता घाट पाहायला आलेलेही पुष्कळ होते. हिवरखेड मागे पडलं, कपाशी संपली, सागवान सुरू झालं. दरीत वाण नदीचं पाणी चमकायचं आणि वळणावर डिझेलचा धूर डब्यात शिरायचा. हर्षा प्रत्येक पुलाला टाळ्या वाजवत होती.

धूळघाटाजवळ एक वेढा आहे. गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरच्या पुलावर यायची. खालच्या रुळापासून वरच्या रुळापर्यंत मधून पायवाट आहे. माणूस सात-आठ मिनिटांत वर पोचतो, गाडीला त्याच्या दुप्पट वेळ लागायचा. म्हणून आमच्याकडच्या लोकांची जुनी खोड, की खाली मंद चालत्या गाडीतून उतरायचं, वाटेत सीताफळं तोडायची आणि वर पुन्हा चढायचं. सासऱ्यांनी हे जन्मभर केलं, मग लेक कसा मागे राहील?

"आलोच वो," म्हणत अनुप उतरला.

वर गाडी मंदावली आणि तो चढला. रुमालात चार सीताफळं. सदरा तोच, सकाळी दाढी करताना हनुवटीला झालेली जखम तीच. हर्षाला मांडीवर घेऊन तो तिला गर भरवू लागला. मी सहज खिडकीतून खाली पाहिलं.

पायवाटेच्या अर्ध्यावर अनुप धावत वर येत होता.

पाय घसरला, हात टेकून उठला, पुन्हा धावू लागला. तोंड वर करून ओरडत होता. चाकांच्या खडखडाटात बाकी काही कळलं नाही, पण स्वतःचं नाव माणसाला कळतंच. माझा हात साखळीवर गेला. तेवढ्यात मागून हलक्या आवाजात ऐकू आलं.

"काहून वो? आलो ना मी..."

त्याचा हात हर्षाच्या पाठीवर होता. मी साखळी सोडली. माझं पाप काय ते एवढंच.

नऊ वर्षं झाली. घरातला माणूस चांगला आहे. कचेरीत वेळेवर जातो, हर्षाचा अभ्यास घेतो. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात सगळं त्यानेच केलं. नाव ठेवायला जागा नाही. पण ताट वाढताना रोज मनात येतं, खालच्याला आज कोणी वाढलं असेल? सांगायचं तरी कोणाला? गोळ्या देतील. त्या गोळ्या दवाखान्यात मीच वाटते.

या नोव्हेंबरात आमच्या डॉक्टरांनी मेळघाटात शिबिर ठेवलं. घरी मी दर्यापूरला चालले असं सांगितलं. दुपारी जीप धूळघाटाशी थांबवायला लावली आणि एकटीच वेढ्याकडे गेले. रूळ उखडून नेलेले होते, नुसती खडी उरली होती. तिथे म्हशी चारणारी केशरबाई भेटली. इकडे कोणी येतं का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येते ना एक मानूस," ती म्हणाली. "'गाडी वर गेली का?' इचारते अन् पयत सुटते. आमी सांगतो, बाप्पा, गाडी कवाचीच बंद झाली. आयकतच नाही..."

"म्हातारा आहे का?"

"नाही वो. पस्तिशीचा असंन. दरसाली तसाच."

माझा अनुप चव्वेचाळीसचा आहे. कानशिलं पांढरी झालीत.

केशरबाई म्हशी हाकत निघून गेली. मी उभी राहिले. थोड्या वेळाने खालून खडी वाजली. थांबली. धाप ऐकू आली. पुन्हा वाजली, आता जवळ.

"ज्योत्स्ना... थांब ना वो..."

नऊ वर्षं या हाकेसाठी मी जीव टांगून ठेवला होता. हाक आली आणि मी पळाले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. त्याला घेऊन घरी गेले असते तर हर्षाला काय सांगितलं असतं? जीपमध्ये बसून ढसाढसा रडले, आणि ड्रायव्हरला म्हटलं, चला.

संध्याकाळी घरी पोचले. हर्षा शिकवणीला गेली होती. अनुप ओट्यापाशी लसूण सोलत होता. त्याने पाण्याचा गिलास पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"थांबली नाही ना त्याच्यासाठी...?"

गिलास मी तसाच ओट्यावर ठेवला. मी नकारार्थी मान हलवली.

"बरं केलं," तो म्हणाला. "त्याले वर आणलं असतं, तं मले परत खाली जा लागलं असतं. तिथं गाडीच्या मांगं पयू पयू मी लय वर्षं काढले वो... माह्यासाठी बी कोनी थांबलं नव्हतं."

मग त्याने लसूण ठेचायला घेतला.