हरलेल्यांचे लिफाफे

अबेरमोरच्या ग्रंथालयात आता कोणी शिंकत नसे. पूर्वी जुन्या कागदांची खोकी उघडली की सकाळच्या पहिल्या तासात दहा-बारा शिंका ठरलेल्या. आता खोके उघडायचेच नव्हते. ढकलगाडीवरून ते तळघरातून वर यायचे, 'अंतर्वाचका'च्या कमानीखालून सरकायचे आणि चार मिनिटांत पुन्हा तळघराच्या वाटेला लागायचे. आतली पत्रे, रोजनिशा, चॅपेलची हजेरीपत्रके, कोणाच्या तरी आजीची पावाची कृती, सगळे पानापानाने पडद्यावर हजर. झाकणावरची धूळसुद्धा हलत नसे.

ऋजुता वाळिंबेला त्या न हलणाऱ्या धुळीचाच राग यायचा. साताऱ्याला तिच्या वडिलांचे पुस्तकबांधणीचे दुकान होते आणि कागदाशी कसे वागावे हे ती तिथे खळीच्या वासात शिकली होती. पंधरा वर्षांपूर्वी ती वेल्समध्ये आली ती कागद-संवर्धक म्हणून. फाटलेले जोडायचे, चिकटलेले सोडवायचे, ओल आणि बुरशी यांच्याशी भांडायचे, हे तिचे काम. ती वेल्श भाषा शिकली, आणि इतकी शिकली की पोस्टातल्या बाईशी हवामानावरून वाद घालू लागली. मग अंतर्वाचक आला आणि तिच्या हातांना काम उरले नाही.

तीन वर्षांत अंतर्वाचकाने तळघरातल्या सात किलोमीटर फळ्या वाचून काढल्या. एकच वस्तू राहिली. नान्तवेन गावच्या कागदपत्रांतला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात एकतीस बंद लिफाफे होते आणि झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर वेल्शमध्ये लिहिले होते, 'हे लिफाफे उघडायचे नाहीत. कधीच.' हा डबा ऋजुता मागे ठेवत आली होती. आज गंजाचे कारण, उद्या ओलीचे. चक्क थापा होत्या, आणि आपण थापा मारतो आहोत याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

नान्तवेन हे पाटीच्या दगडाच्या खाणीचे गाव. तिथे दर उन्हाळ्यात कवितेची स्पर्धा व्हायची. कवीने कविता टोपणनावाने द्यायची. खरे नाव एका चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात बंद करायचे आणि लिफाफ्यावर फक्त टोपणनाव घालायचे. परीक्षकाने अक्षर ओळखू नये म्हणून गावचा सचिव साऱ्या कविता स्वतःच्या हाताने एका वहीत उतरवून काढायचा. निकालाच्या दिवशी मंचावरून विजेत्याचे टोपणनाव तीनदा पुकारले जायचे आणि गर्दीतून तो कवी उभा राहायचा. तोवर शेजारी बसलेल्या बायकोलाही पत्ता नसे. मग त्याचा लिफाफा फोडून खात्री करायची. हरलेल्यांचे लिफाफे मात्र कोणी फोडायचे नाहीत. एक खाण, एक चॅपेल आणि एक दुकान एवढ्याच गावात हरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुकानात तोंड दाखवता आले पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. लिफाफे जाळून टाकता आले असते. पण सचिव हा प्राणी जगात कुठेही कागद जाळत नाही.

एकोणीसशे बावन्न साली तिथे 'नऊ टोप्या' नावाची कविता हरली. आदल्या वर्षी खाणीत दरड कोसळून नऊ माणसे गेली होती, आणि खुंट्यांवर तशाच राहिलेल्या त्यांच्या टोप्यांवर ती कविता होती. 'हे काव्य नव्हे, हे रडणे आहे,' असा शेरा परीक्षकाने मारला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी सचिवाची वही ग्रंथालयात आली, कविता छापली गेली, आणि आज वेल्समधल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ती पाठ असते. त्या परीक्षकाचे नाव कोणाला आठवत नाही. कवीचे नाव तर कोणाला ठाऊकच नाही. फक्त टोपणनाव आहे, 'भोंग्यानंतर'.

"माझी आईच ती," एलुनेड प्रिस म्हणायच्या.

एलुनेड शहाऐंशी वर्षांच्या होत्या. दर मंगळवारी सकाळी दहाच्या बसने त्या नान्तवेनहून यायच्या, वाचनकक्षात खिडकीजवळची खुर्ची पकडायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या. त्यांच्या आईचे, ग्वेनचे, पहिले यजमान ईवान त्या दरडीखाली गेले होते. एलुनेड पुढच्या लग्नातली. आई चॅपेलची फरशी पुसायची आणि पीठ मळताना दोन ओळी गुणगुणायची. आई गेल्यानंतर दहा वर्षांनी त्याच दोन ओळी एलुनेडनी रेडिओवर ऐकल्या आणि त्यांच्या हातातली बशी खाली पडली.

"अठ्ठेचाळीस वर्षं मी हेच सांगतेय आणि लोक मान डोलावून चहा पुढे करतात," त्या म्हणाल्या. "फरशी पुसणारी बाई कविता कशी लिहील, असं तोंडावर कोणी म्हणत नाही. पण चहा फार गोड करतात गं, ऋजुता बाख." बाख म्हणजे आपल्याकडचे बाळ. "तुझं ते यंत्र लिफाफा न उघडता वाचतं ना? मग अडलंय कुठे?"

ऋजुताने टेबलावरचे कागद चवडीने उचलले आणि खिडकीच्या उजेडासमोर धरले.

"यंत्रातल्या लहरी कागदातून आरपार जातात, मिसेस प्रिस. जुन्या शाईत लोखंड असतं, तिथे तेवढ्या अडतात. कुठल्या थरावर किती अडल्या यावरून यंत्र एकेक पान वेगळं करतं. पण तुमचे लिफाफे ओलीनं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालीय. यंत्राला ती वीट अख्खीच वाचावी लागेल. तुमच्या आईबरोबर बाकीचे तीस जणही उघडे पडतील."

"मेलेत ते सगळे."

"त्यांना शब्द दिलाय. तो देणारेही मेलेत. म्हणून तर तो पाळायला आता फक्त आपणच उरलोय."

एलुनेडनी पर्स मिटली. "मीही मरेन, बाख. पुढच्या वर्षी मंगळवारी कोण येईल माहीत नाही."

हे ऋजुताला लागले. तिला या म्हातारीची माया होती आणि तिचे म्हणणे खरे आहे असेही आतून वाटत होते. पण वाटण्यावर शब्द मोडायचा नाही, हे तिने मनाशी पक्के केले होते.

आठवड्याभरात संग्रहप्रमुख ग्विलिम बेवन यांनी तिला बोलावले. ग्विलिम मूळचे नान्तवेनचेच, गोड बोलून काम करून घेणारे. या वेळी मात्र त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"महिनाअखेर डबा कमानीखाली गेला पाहिजे. कायदेवाल्यांचं मत आलंय. वाचणं म्हणजे उघडणं नव्हे."

"मग दाराच्या फटीतून बघणं म्हणजे घरात शिरणं नव्हे," ऋजुता म्हणाली. "तुमचं दार आहे असं समजा आणि पुन्हा सांगा."

"ऋजुता, अख्खा देश त्या एका नावाची वाट बघतोय."

"मग एकच नाव काढू. शब्द मोडायचाच असेल तर तेवढ्यापुरताच. मला बारा दिवस द्या. मी हातानं एक लिफाफा सोडवते. फक्त तेवढाच यंत्राखाली जाईल, आणि तोही मिसेस प्रिस समोर असताना."

"आणि फाटला तर? यंत्र चार मिनिटांत करतं ते तू बारा दिवस करणार! कशासाठी?"

ऋजुताने खुर्ची पुढे ओढली. "ग्विलिम, तुमच्या घरात कोणी कविता करायचं?"

"छे. आजोबा खाणीत सुरुंग लावायचे. सही करायची म्हटलं तरी घाम फुटायचा." ग्विलिम हसले, आणि मग त्यांचे हसू ओसरले. "पण दर वर्षी निकालाच्या दिवशी ते नवा कोट घालून पहिल्या बाकावर बसायचे. का, ते आम्हाला कधी कळलं नाही."

ग्विलिमनी खिडकीकडे तोंड केले आणि ते म्हणाले, "बारा दिवस. तेरावा नाही."

ऋजुताने पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या. वडिलांची हाडाची पट्टी तिच्या कपाटात फडक्यात गुंडाळलेली होती. पुस्तकाच्या घड्या दाबून दाबून तिची धार वडिलांच्या अंगठ्याच्या आकाराची झालेली. लिफाफ्यांच्या विटेला तिने ओलसर हवेत ठेवले, कागद किती फुगतो ते दर तासाला बोटाने पाहिले, आणि मग कडेकडेने पट्टी सरकवायला सुरुवात केली. जोर लावला की कागद रुसतो, हे वडील म्हणायचे. दिवसाला तीन लिफाफे सुटले तरी खूप. चौथ्या दिवशी एका लिफाफ्याचा कोपरा तिच्या हातून फाटला आणि आतल्या चिठ्ठीची पांढरी कड दिसली. तिने डोळे मिटले, चाचपडत त्यावर पातळ कागदाचे ठिगळ लावले आणि मगच डोळे उघडले. कोणी पाहिले असते तर तिला वेड्यात काढले असते.

अकराव्या दिवशी, तळाकडून दुसरा, तो लिफाफा सुटला. वर जाड, शाळकरी अक्षरात लिहिले होते, 'भोंग्यानंतर'.

मंगळवारी एलुनेड आल्या त्या ठेवणीतला निळा कोट घालून. पर्समधून त्यांनी एक जुना कागद काढला, कॅलेंडरच्या पाठीवर आईने लिहिलेली जॅमची कृती. "अक्षर ताडून बघायला," त्या म्हणाल्या. एकटा लिफाफा कमानीखालून सरकला. ग्विलिम पडद्याच्या एका बाजूला, ऋजुता दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

पडद्यावर घडी केलेला कागद उलगडला. त्यावर एक नाव असायला हवे होते. तिथे बऱ्याच ओळी होत्या.

एलुनेडनी चष्मा सावरला आणि त्या मोठ्याने वाचायला लागल्या.

"ही कविता निवडली तर माझं नाव पुकारू नका. ही नावं पुकारा." पुढे एकाखाली एक नऊ नावे होती. शेवटचे ईवानचे. आणि सर्वांत खाली, जागा पुरत नव्हती म्हणून बारीक केलेल्या अक्षरात, "उभं राहायला त्यांना वेळ लागेल. तेवढं थांबा."

जॅमची कृती शेजारीच होती, पण ती उचलून कोणी ताडून पाहिली नाही. गरजच नव्हती. तेच पोट फुगलेले अक्षर, तीच शब्दाशेवटी वर उडणारी शेपटी.

एलुनेड ओक्साबोक्शी रडल्या. ऋजुताने त्यांना जवळ घेतले आणि तिलाही रडू आवरले नाही. बऱ्याच वेळाने म्हातारी बोलली. "अठ्ठेचाळीस वर्षं मी तिचं नाव मागत होते. तिला ते हवं होतं का, हे मनातल्या मनातसुद्धा कधी विचारलं नाही मी."

"अक्षर जुळतंय," ग्विलिम हळूच म्हणाले. "ग्वेन हे नाव जाहीर करायला आता काहीच अडचण नाही. तुम्ही जिंकलात, एलुनेड."

यंत्राच्या पडद्यावर नोंदीचा रकाना उघडून उभा होता. 'लेखक', आणि पुढे लुकलुकणारी रेघ. त्यात भरलेले नाव त्याच दुपारी सगळ्या जगाला दिसणार होते.

एलुनेडनी डोळे पुसले. त्या जेव्हा बोलल्या तेव्हा आवाजात मंगळवारचाच हट्ट होता, फक्त त्याने दिशा बदलली होती. "'भोंग्यानंतर' असं लिहा तिथे. दुसरं काही नाही."

"पण अख्खा देश वाट बघतोय!"

"बघू दे की. थांबा असंच लिहिलंय तिनं." मग त्यांनी जॅमची कृती पर्समध्ये ठेवली. "मला कळलं, तेवढं मला पुरे आहे. पण ती नऊ नावं पुकारली गेली पाहिजेत. मंचावरून. त्याशिवाय मी काही मरत नाही."

ग्विलिमनी ऋजुताकडे पाहिले. ऋजुताने रकान्यात टोपणनाव भरले आणि नोंद बंद केली. मग उरलेले तीस लिफाफे तिने एकेक पातळ कागदात गुंडाळून डब्यात ठेवले. सुटे झालेले ते लिफाफे आता कोणीही चार मिनिटांत वाचू शकले असते. तिच्याच हातांनी तिने यंत्राची अडचण दूर करून ठेवली होती, हे तिच्या तेव्हा लक्षात आले. ग्विलिमनी पेन काढले आणि झाकणावरच्या जुन्या चिठ्ठीखाली आपल्या हाताने एक ओळ लिहिली, 'यंत्रानेही नाही.' ही ओळ किती वर्षे टिकेल, हे त्या दोघांनाही सांगता आले नसते.

ऑगस्टमध्ये नान्तवेनचा कवितेचा मेळावा भरला, आणि बावन्न साली हरलेल्या 'नऊ टोप्या' या कवितेला यंदा विजेत्याचा मान द्यायचे ठरले होते. तंबू गच्च भरला होता. सूत्रसंचालकाने टोपणनाव तीनदा पुकारले. "भोंग्यानंतर, इथे असाल तर उभे राहा." सगळ्यांच्या माना वळल्या. तिसऱ्या रांगेत एलुनेड निळ्या कोटात, दोन्ही हातांनी पर्स मांडीवर दाबून धरून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

मग त्याने कागदावरचे वाचून दाखवले आणि एकेक करून नावे पुकारली. प्रत्येक नावानंतर तो थोडा थांबला. ईवानचे नाव शेवटी आले. त्यानंतर तंबूत कोणी खोकले नाही, कोणी खुर्ची सरकवली नाही. पहिल्या बाकावर नवा कोट घातलेले ग्विलिम मान खाली घालून बसले होते. एक मिनिट गेले. दोन गेली. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. चौथ्या मिनिटाला सूत्रसंचालकाच्या कपाळावर घाम आला. ध्वनिक्षेपकावर हात ठेवून तो मंचाच्या कडेला वाकला आणि खाली उभ्या असलेल्या ऋजुताला त्याने दबक्या आवाजात विचारले, "अजून किती वेळ थांबायचं?"