बेहड्याची सुकी फांदी

“थांबा! तिथंच थांबा. हलू नका हं अजिबात!”

क्षितिजा ओरडली खरी, पण कुजबुजत. कुजबुजत ओरडायची कला पक्षी बघणाऱ्यांनाच जमते. तुंगारेश्वराच्या चढावर, भर एप्रिलात, डोक्यावर फुलांची करंडी घेतलेला तो तरुण जागच्या जागी थिजला. करवंदीच्या जाळीआड दुर्बीण गळ्यात घालून उकिडवी बसलेली ही मुलगी त्याला बहुधा तेव्हाच दिसली.

“साप आहे?” त्याने ओठ न हलवता विचारलं.

“धनेश आहे.”

“चावतो?”

हसू दाबताना क्षितिजाच्या नाकीनऊ आले. त्याच्या डोक्यावरच्याच उंबरावर राखी रंगाचा, भल्यामोठ्या बाकदार चोचीचा पक्षी बसला होता. एक उंबर चोचीत धरायचा, हवेत उडवायचा आणि गट्ट करायचा.

“किती वेळ उभं राहायचंय?”

“तो जाईपर्यंत.”

“आणि तो गेला, पण तुम्ही थांबलात तर?”

“तर... तर तुमचं तुम्ही ठरवा.” ती म्हणाली, आणि उगाचच दुर्बिणीची काच पुसायला लागली.

धनेश उडाला. तरुणाने करंडी खाली ठेवली, मान चोळली आणि तिच्यासमोर एक सोनचाफा धरला.

“देवाच्या करंडीतलं?”

“देवाला आम्ही मोजून देत नाही.”

तो जितेश. निर्मळ गावचा. कॉमर्सची पदवी घेऊन दोन वर्षं ऑफिसात काढली आणि एक दिवस सरळ वडिलांच्या वाडीत परतला, केळी आणि फुलांमध्ये. रविवारी देवळात फुलं पोचवायला वर यायचा. क्षितिजा जूचंद्रच्या फ्लॅटमध्ये आईवडिलांबरोबर राहायची, वसईच्या बँकेत काम करायची आणि रविवार उजाडला की डोंगर गाठायची. पुढच्या रविवारी तो रिकामी करंडी घेऊन उतरताना ती वाटेतच भेटली. त्याच्या पुढच्या रविवारीही. योगायोग एवढे नियमित नसतात, हे दोघांनाही कळत होतं; बोललं मात्र कुणीच नाही.

“एवढं काय आहे गं या जंगलात?” एकदा त्याने विचारलं. अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांच्याही लक्षात नव्हतं.

“खाली बघ. कामणची गोदामं, इमारती, हायवे. या सगळ्याच्या उशाशी हा एवढाच हिरवा डोंगर उरलाय. पाऊस इथं मुरतो, म्हणून खालच्या विहिरींना पाणी. आणि हा धनेश आहे ना, फळं खातो आणि बिया डोंगरभर टाकत फिरतो. तुझ्यासारखाच बागायतदार. फक्त कुंपण घालत नाही.”

जितेश ती दाखवेल तिकडे बघत ऐकत होता. तिचं बोलणं कुणी इतकं मन लावून ऐकलं की तिला आवडायचं... आणि भीतीही वाटायची.

पक्षी बघणाऱ्यांच्या तिच्या गटात एक रिवाज होता. गटाचे म्होरके गॉडफ्रे अंकल, निवृत्त मास्तर. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून कबूल करून घेतलेलं: घरट्याचा ठावठिकाणा कुणालाही सांगायचा नाही, घरच्यांनासुद्धा. एकाला सांगितलं की दहा कॅमेरे येतात, आणि घरटं मोडतं. क्षितिजाने हा नियम इतकी वर्षं पाळला होता. पण मन भरून आलं की माणूस आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं काहीतरी दाखवायला निघतो. मेच्या सुरुवातीला तिने जितेशला तो बेहडा दाखवला.

वाटेपासून आत, ओढ्याच्या काठी, जुनं झाड. खोडात ढोली, ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं, मध्ये फक्त एक उभी फट. खालच्या अंगाला एक सुकी, बोडकी फांदी. नर आला, त्या फांदीवर टेकला आणि घशातून एकेक फळ काढून फटीतून आत देत राहिला. आतून चोचीचं टोक तेवढं दिसायचं.

“आत बायको?”

“आणि पिल्लं.”

“आणि हा एकटा राबतो.” जितेश खुशीत म्हणाला. “बघ, नवरा असावा तर असा!”

“फार खूश होऊ नकोस. ते दार त्याने नाही लावलं. तिने आतून लिंपलंय, स्वतःच्या चोचीने. बाहेर कधी यायचं तेही तीच ठरवणार.”

जितेश त्या फटीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे केवढा विश्वास टाकलाय तिने.”

क्षितिजा त्या रात्री नीट झोपली नाही.

पुढच्या रविवारी तो तिच्याआधीच झाडापाशी उभा होता. हातात कोयता, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद.

“आता बघ! कसं स्वच्छ दिसतं! वेली काढल्या, ती सुकी फांदीपण छाटली. तुला मान वाकडी करून बघावं लागायचं ना...”

वाडीतल्या माणसाचा हात तो. झाडावर सुकलेलं लाकूड दिसलं की तो शिवशिवणारच. सुकी फांदी ठेवली तर झाडाला कीड, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला.

“जितेश, तो तिथं बसायचा रे! त्या फांदीवर बसून भरवायचा!”

तेवढ्यात नर आलाच. ढोलीपुढे फडफडला. टेकायला काही नाही. लांबच्या ऐनाच्या झाडावर जाऊन बसला, ओरडला, पुन्हा आला, पुन्हा परतला आणि शेवटी चोचीतलं फळ तसंच घेऊन निघून गेला. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं होतं. ते तसंच, उघडं, वाट बघत राहिलं.

“जंगलात सुकलेलं, मोडकं काही फुकट नसतं! ती ढोलीसुद्धा एका मोडलेल्या फांदीच्या जागी झालीये. विचारायचं तरी!” तिचे डोळे भरून आले. “पण तुला काय बोलू? सांगितलं मीच ना...”

जितेश पांढराफटक पडला होता. सफाई द्यायच्या भानगडीत तो पडला नाही, आणि तेवढंच तिला त्या क्षणी बरं वाटलं.

तिने गॉडफ्रे अंकलना फोन लावला. काहीही न लपवता सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, “फांदी खालीच पडलीय ना? तीच बांधा, त्याच जागी. झटपट. आणि मग लांब व्हा.” फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, “आणि पोरी, ज्याला सांगितलंस तो माणूस तरी बरा आहे ना?”

जितेश पायातल्या चपला काढून केव्हाच झाडाला भिडला होता. करंडीला बांधलेली केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी सोडून त्याने दातात धरली होती.

“बरा आहे,” क्षितिजा म्हणाली.

केळीच्या घडांना टेकू बांधणारे ते हात. फांदी तिच्या खुंटाला घट्ट बसली, वरून छाटलेल्या वेलीचे तुकडे गुंडाळले गेले. जितेश उतरला आणि दोघं ओढ्यापलीकडे, जांभळाच्या दाट सावलीत जाऊन बसली. ऊन चढलं. ओढ्याचे दगड तापले. नर एकदा आला, वरून घिरटी घालून गेला.

“नाही आला तर?” जितेशने विचारलं.

“तर मी स्वतःला माफ करणार नाही. आणि तुला... तुलाही करू शकेन की नाही, माहीत नाही.” तिने खरं तेच सांगितलं.

“नको करूस. पण एक सांगतो, मग वाटलं तर उठून जा. मला पक्ष्यातलं काही कळत नाही. मी तुझ्यासाठी येतो. पहिल्या दिवसापासून.”

ती उठली नाही. त्याच्या तळहातावर दोरीने उमटलेला लाल वळ तेवढा बघत राहिली.

दुपार कलायला लागली तेव्हा पंखांचा तो ओळखीचा आवाज आला. नर ऐनावर बसला. मान तिरकी करून फांदीकडे बघितलं. एकदा उतरला, टेकल्यासारखं केलं आणि उडाला. क्षितिजाने कधी जितेशचा हात धरला, तिलाच कळलं नाही. मग तो परत आला... आणि बसला. फांदी किंचित हलली, पण टिकली. एक फळ आत गेलं. मग दुसरं.

जितेश रडत होता आणि हसतही होता. क्षितिजाचं तेच चाललं होतं.

जूनमध्ये ढोलीचं दार आतून फुटलं. आधी आई बाहेर आली, मागून पिल्लं. ती बातमी जितेशला फोनवर सांगायची सोडून क्षितिजा थेट निर्मळला गेली. वाडीत पाऊस नुकताच उघडला होता, केळीच्या पानांवरून पाणी निथळत होतं. दारात जितेशची आई, मनोरमाबाई, मोगरा ओवत बसल्या होत्या.

“ये गं बाय. तूच ना ती डोंगरातली? मग तूच समजाव याला. आंब्यावरची सुकी फांदी काढ म्हणून कधीची सांगतेय, तर कोणाला हात लावू देत नाही. आमच्या वाडीत कधी असलं लाकूड ठेवलं नव्हतं!”

क्षितिजाने वर बघितलं. हिरव्यागार आंब्यातून ती एकच फांदी बाहेर आलेली, काळी, बोडकी, पावसाने चकचकीत.

जितेश मागून येऊन उभा राहिला होता. हात चिखलाने भरलेले, कानांच्या पाळ्या लाल.

“कोणासाठी ठेवलीयस?” तिने विचारलं.

“कोणी... बसायला आलं तर. म्हणून.”

क्षितिजा चपला काढून मनोरमाबाईंशेजारी ओसरीवर बसली आणि तिने सुईदोरा हातात घेतला.

“आलेय मी,” ती म्हणाली.