फुटबॉल बन्सीनं नेला

भामाबाई ओव्हाळ दारात येऊन उभी राहिली तेव्हा वत्सलाबाई डोंगरे सुपात ज्वारी निवडत होत्या. बाई रडत नव्हती, आणि वत्सलाबाईंना तेच आधी खटकलं. पोलिसातल्या हवालदारकीत रडणाऱ्या बायका त्यांनी खूप पाहिल्या होत्या. न रडणारीची काळजी जास्त करायची, हे त्या तिथंच शिकल्या होत्या.

"जय भीम, बाई. माझ्या मालकाला धरून नेलंय."

"बस. पाणी पी आधी."

"नको. तुमचा टँकर अजून यायचाय."

कोपऱ्यात पेपर वाचणारे त्रिंबक भावजी चष्म्यावरून बघू लागले. वत्सलाबाईंचा हा दीर एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. वहिनींनी निवृत्तीनंतर केजात खाजगी चौकशीची कामं सुरू केली, तेव्हा दारावरची पाटी त्यांनीच रंगवली आणि त्या हक्कानं प्रत्येक चौकशीत ते बरोबर असत. निष्कर्ष त्यांचा सगळ्यांत आधी निघे. तो बरोबर निघाल्याचं अजून कुणाला आठवत नव्हतं.

भामाबाईनं सांगितलं ते एवढंच. तिचा नवरा बन्सी मोटरी बसवतो. युसूफ वडगावजवळच्या मळ्यात दूध संघाचे चेअरमन भगवानराव पिंगळे राहतात. त्यांनी परसात तळं खोदलं, मधोमध कारंजं उभं केलं, आणि त्याची मोटर बन्सीनं बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन त्याच तळ्यात पालथे सापडले. मोटरीची वायर पाण्यात होती. पोलीस म्हणाले, फिटरचा जोड कच्चा, त्यानं माणूस मेला.

"बन्सी सुटला नाही तर?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"मुकादमाची गाडी परवा कर्नाटकात ऊसतोडीला जातीय. नवरा-बायको मिळून एक कोयता. मी एकटी बाई म्हंजी अर्धा. अर्धा कोयता कुणी नेत न्हाई." भामाबाई जमिनीकडं बघत बोलत होती, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशी. "मुकादम म्हणतो, सुजाताचं लगीन उरकून टाक. त्याच्या नात्यात पोरगा हाय. पोरगा अन् पोरगी, एक जोडी व्हईल. तू मागं भाकरी थापायला. नववीत हाय ती."

"तू काय म्हणालीस?"

"उद्या सांगते म्हणलं."

वत्सलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "भावजी, गाडी काढा."

*

ठाण्यातले फौजदार मुंबईहून नुकतेच बदलून आले होते. तरुण, इस्त्रीचे, आणि मराठवाड्यावर मनातून नाराज.

"सरळ केस आहे, मॅडम. पहाटे चेअरमननी कारंजं चालू केलं. जावई पंडितराव फिरायला निघाले होते, त्यांनी स्वतः पाहिलं. परत आले तर हे पाण्यात. वायर तुटून आत पडलेली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डोक्याला मागून मार आहे. शॉक लागून पडताना लागलं असणार. पूर्ण रिपोर्ट यायचाय." फौजदार हसले. "आणि तुमचा बन्सी वर चोरटाही आहे. जाताना घरातल्या लहान मुलीचा फुटबॉल घेऊन गेला. चेअरमनच्या पत्नी सावित्रीबाईंनीच सांगितलं. त्यानंही कबूल केलं."

"सापडला का?"

"कुठला? पिशवीत पाने, पक्कड, आणि जाळी लावलेला एक गंजका लोखंडी डबा. भंगार."

त्रिंबकरावांनी मान हलवली. लेकराचा चेंडू नेणारा माणूस त्यांच्या लेखी दोषी ठरला होता.

कोठडीत बन्सी गजांना टेकून बसला होता.

"बाई, मी मोटर पाण्याच्या भाईर बसवली, ती कावून? पाण्यात करंट यिऊ नये म्हणून. दोन पावलं लांब ओटा केला, त्यावर मोटर. जोडाला टेप मारली. तो जोड तुटायचा न्हाई."

"फौजदारांना सांगितलंस?"

"लई सांगितलं. फुटबॉल माज्याजवळ व्हता म्हणलं, तर हसतेत."

वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सुजाताला काही निरोप?"

बन्सीनं मान वर केली. "शाळंत जा म्हणावं."

*

पिंगळ्यांच्या मळ्याला जाताना रस्त्याला चारा छावणी लागली. हाडं निघालेली जनावरं ओळीनं उभी होती. पाऊस दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता. दिवाळी होऊन गेली होती, आणि शेतांत उन्हाळ्यासारखी धूळ होती.

परसात मात्र निळ्या फरशीचं तळं होतं.

"गावाला आठवड्यानं टँकर, अन् इथं ही ऐट," त्रिंबकराव म्हणाले. "वहिनी, कुणीतरी रागानंच मारलं असेल. मी असतो तर मलाही राग आला असता."

"तुम्ही हात लावू नका कशाला. फक्त राग धरा."

तळ्याच्या काठापासून जरा दूर सिमेंटचा ओटा होता. त्यावर नवी मोटर. ओट्यावर धुळीचा थर बसला होता. फक्त एक कोपरा धुतल्यासारखा लख्ख होता. वत्सलाबाई वाकून तो कोपरा बघत राहिल्या. मग त्यांनी मोटरीची वायर उचलली. तुटलेलं टोक सुरीनं कापल्यासारखं सरळ होतं. टेप मारलेला जोड त्याच्या अलीकडं तसाच्या तसा होता.

मोटरीपासून निघालेला एक पाइप तळ्यात उतरला होता. वत्सलाबाईंनी तो ओढून वर घेतला. पाण्यातलं टोक नुसतं उघडं होतं. त्यांनी तो पुन्हा सोडून दिला.

"कारंजं जवळून बघा, भावजी. काठावरून."

"पितळी तोटी आहे. तिला हळदकुंकू लावलंय. चार अक्षताही चिकटल्यात." त्रिंबकराव मागं वळले. "पूजा केली म्हणायची. हे धार्मिक लोक आहेत."

"बरं सांगितलंत," वत्सलाबाई म्हणाल्या.

*

सावित्रीबाई पडवीत बसल्या होत्या. दुःखानं माणूस जसं थकतं तशा नाही. कुणीतरी उचलून तिथं ठेवल्यासारख्या.

"लेक गेली दोन वर्षांमागं. तिची मुक्ता आमच्याकडंच. जावई न्यायला आलते. आमचं बोलणं न्हाई त्यांच्याशी."

"का?"

"लेक दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी कळवलंच न्हाई. गेल्यावर कळवलं. मग काय बोलायचं?" त्या थांबल्या. "ह्यांनी तळं केलं ते मुक्तासाठी. पोरगी रमावी, बापाकडं जायचं नाव काढू नये. मी म्हणलं, लोकांच्या तोंडचं पाणी पळालंय. तर म्हणाले, लोकांची नातवंडं त्यांच्याजवळ हायत."

"मोटर बसवली त्या संध्याकाळी काय झालं?"

"पूजा केली. नारळ फोडला. मग बन्सी फुटबॉल घेऊन गेला, अन् आमी आत गेलो."

सगळं सांगून झालं असावं तसा त्यांनी पदर सावरला. वत्सलाबाईंनीही पुढं विचारलं नाही.

"जावई होते पूजेला?"

"उशिरा आले. बन्सी निघताना दारातच गाठ पडली. 'फुटबॉल नेतो, सकाळी आणतो,' एवढं ऐकलं असंल त्यांनी. जेवणसुद्धा वर खोलीतच केलं."

बाहेर येताच वत्सलाबाई म्हणाल्या, "भावजी, मुक्ताचा फुटबॉल शोधा."

"तो तर चोरीला गेलाय."

"तरी शोधा."

*

चारा छावणी बघणारा आश्रुबा परसाच्या कुंपणापाशी भेटला. दूध संघाच्या बैठकीत, 'चेअरमनच्या कारंज्यावर बैल पाजीन' असं तोच म्हणाला होता. साऱ्या गावानं ते ऐकलं होतं.

"म्हणलो व्हतो. खोटं कावून बोलू?" आश्रुबा म्हणाला. "जनावरं मरायला लागल्यावर माणूस काय आरती म्हणतो का?"

"त्या सकाळी कुठं होतास?"

"इथंच. बैल घिऊन आलतो. सावित्रीबाई हौदातलं पाणी देत्यात, चेअरमन उठायच्या आत. त्या दिशी त्या आल्या न्हाईत म्हणून थांबलो, मग गेलो."

"परसातून काही ऐकू आलं? मोटर चालू होती?"

"मोटर? न्हाई. लई शांत व्हतं. चिमण्या वरडत व्हत्या. आत दोघं बोलत व्हते, हळू. काय ते न्हाई कळलं. भिंत हाय ना मधी."

तो गेल्यावर त्रिंबकराव कानाशी लागले. "जावई सांगतो कारंजं चालू होतं, हा म्हणतो सगळं शांत. म्हणजे हाच खोटारडा. मिळाला माणूस."

"आणि फुटबॉल मिळाला?"

त्रिंबकरावांचा चेहरा पडला. "तीच गंमत आहे. खाटेखाली होता. मुक्ता म्हणाली, कधी गेलाच नव्हता. मग बन्सीनं नेला काय?"

"हं," वत्सलाबाई म्हणाल्या.

*

पंडितराव पुण्यात वाढलेला माणूस. दाढी वाढलेली, बोलणं नीट.

"मामा कारंजं चालू करून काठावर बसले होते. पाणी चांगलं छातीएवढं उडत होतं. मी म्हटलं, फिरून येतो. ते काही बोलले नाहीत."

"मोटरीचा आवाज येत होता?"

"अर्थात. कारंजं चालू होतं ना."

"सूर्य उगवला होता?"

"नुकता. पाण्यावर उजेड पडला होता. सुंदर दिसत होतं." त्यानं मान खाली घातली. "मुक्ताला दाखवायचं राहून गेलं."

वत्सलाबाईंना त्याची कीव आली. त्यांनी ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही आणि फौजदारांना फोन लावला. येताना बन्सीला आणि त्याची पिशवी घेऊन या, म्हणाल्या.

*

दुपारी सगळे परसात जमले. सावित्रीबाई, पंडितराव, आश्रुबा, फौजदार, आणि हातकड्या घातलेला बन्सी. भामाबाई कुंपणाबाहेरच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

वत्सलाबाईंनी पिशवीतून जाळीचा लोखंडी डबा काढला आणि ओट्यावर ठेवला.

"सावित्रीबाई, हे काय आहे?"

"फुटबॉल."

"आश्रुबा?"

"फुटबॉलच की. शेंबड्या पोराला बी कळंल."

फौजदार डब्याकडं बघत राहिले.

"इथं मोटरीच्या फूटव्हॉल्व्हला फुटबॉल म्हणतात, साहेब," वत्सलाबाई म्हणाल्या. "मोटर पाण्याबाहेर बसवली की ती पाणी तेव्हाच ओढते, जेव्हा तिचं पोट आणि पाइप पाण्यानं भरलेले असतात. पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला हा लावतात. हा पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. हा नसेल तर तुम्ही घागरीनं पाणी ओता, ते परत तळ्यात. मोटर नुसती घरघरेल. कारंज्यातून थेंब येणार नाही."

"माझी बी तीच बोंब व्हती," बन्सी म्हणाला. "पूजा झाली, बटण दाबलं, पाणी चढंना. आतलं चामडं फाटलं व्हतं. म्हणून काढून नेला. पाइप परत पाण्यात सोडला, कुणाच्या पायात यायला नको."

"पाइपाचं तोंड मी पाहिलं. उघडं आहे. कारंज्याच्या तोटीवर पूजेचं कुंकू आहे, अक्षता आहेत. छातीएवढं पाणी उडालं असतं तर कुंकू राहिलं असतं? हे कारंजं अजून एकदाही चाललेलं नाही." त्या पंडितरावांकडं वळल्या. "आणि तुम्ही ते चालताना पाहिलंत. उजेडासकट."

पंडितरावांची नजर तोटीवर गेली.

"तुम्ही दारात ऐकलंत, 'फुटबॉल नेतो.' तुम्हाला वाटलं, पोरीचा चेंडू. इथल्या कुणाला तसं वाटलं नसतं. साहेबांना वाटलं, कारण तेही बाहेरचे. माझ्या दिरांना वाटलं, कारण त्यांनी जन्मभर तिकिटं फाडली."

त्रिंबकरावांनी हे शांतपणे सोसलं.

"वायर तुटलेली नाही, कापलेली आहे. जोड शाबूत आहे. आणि हा कोपरा." त्यांनी ओट्याकडं बोट केलं. "या दुष्काळात सिमेंटचा एकच कोपरा कोण धुतं? ज्याला तिथलं काही दिसू द्यायचं नाही तो. भगवानराव पाण्याला हात लावून पडले नाहीत. ते आधी इथं पडले, मग पाण्यात गेले. डोक्याला मागून मार का, ते आता डॉक्टर सांगतील. वीज चालू होती हे लोकांना पटावं म्हणून तुम्हाला कारंजं चालवावं लागलं. ते तुम्ही तोंडानं चालवलंत."

आश्रुबानं टोपी काढून हातात घेतली.

"मी मारायला आलो नव्हतो," पंडितराव शेवटी म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं. "मुलीला न्यायला आलो होतो. ते म्हणाले, तिला आता तुझा चेहरासुद्धा आठवत नाही. मी ढकललं. एकदाच. ते उठतील असं वाटलं."

"मग बन्सीचं नाव कसं आलं?" फौजदारांनी विचारलं.

"मी घेतलं नाही. कुणाचं तरी येणारच होतं. मला वाटलं, फिटरला काय, दंड होईल."

कुंपणाबाहेर भामाबाईनं पदर तोंडाला लावला.

सावित्रीबाई उठल्या, जावयासमोर येऊन उभ्या राहिल्या. दोन वर्षांनी त्या त्याच्याशी बोलत होत्या.

"आपण बोलत असतो, तर मी जेवायला वाढताना सांगितलं असतं, पंडितराव. कारंजं बंद हाय म्हणून."

मग त्या आत गेल्या. मुक्ताची वेणी घालायची राहिली होती.

*

ऊसतोडीची गाडी दोन दिवसांनी युसूफ वडगावच्या वेशीत उभी राहिली. त्रिंबकराव आणि वत्सलाबाई मळ्यावरून केजला परतताना तिच्यामागं अडकले. ट्रकमध्ये पेट्या, तवे, बाजा, शेळ्या, आणि वर माणसं. जोड्या मोजून घेतलेल्या.

मुकादम खाली उतरून भामाबाईशी बोलत होता. "अगं, नवरा सुटला ना? मंग दोघं चला. न्हाईतर पोरीचं तरी सांग. पोरगा चांगला हाय."

"मालकाला काम हाय. सावित्रीबाईंनी मोटर काढून छावणीच्या हौदावर बसवायला सांगितलीय."

"ते काम किती दिसांचं? अन् पोरगी?"

"पोरगी शाळंत गेलीय," भामाबाई म्हणाली.

"येईल की परत शाळंतून. उद्याचं सांग."

"उद्या बी शाळाच हाय."

मुकादमानं थुंकून हात हलवला. गाडी सुरू झाली. धूळ उडाली, त्रिंबकरावांनी काच वर केली. भामाबाई तिथंच उभी होती, गाडी वळणाआड जाईपर्यंत. ती हसली नाही, रडली नाही. मग ती एकदम रस्त्याच्या कडेला खाली बसली.

"वहिनी, थांबू का?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"थांबा," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि दार उघडून तिच्याशेजारी धुळीत जाऊन बसल्या.