शेंगदाण्यातलं नववं घड्याळ

आधीच सांगून ठेवलेलं बरं... ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही! सिद्धेश्वराच्या तळ्यात उभं राहून सांगितली तरी नाही. पण बहात्तर सालच्या त्या सकाळी काशम्मानं उखळात हात घातला, तेव्हा तिच्या बोटात जे घुसलं ते शेंगेचं फोलपट नव्हतं, घड्याळाचा काटा होता, हे मात्र उन्हाइतकं खरं!

घड्याळ तिच्या थोरल्या दिराचं, नागप्पाचं. भवानी पेठेत चादरींचं दुकान, पण जीव सारा जुन्या स्टॉपवॉचवाल्या मनगटी घड्याळांत. एका घड्याळापायी म्हणे तो एका डॉक्टरच्या मागं मिरजेपर्यंत चालत गेला, आणि डॉक्टरनं दमून आपणहून मनगट पुढं केलं! अशी आठ त्यानं काचेच्या कपाटात मांडली होती. प्रत्येकाला चावीच्या वर एक, खाली एक अशी दोन बटनं. वरचं दाबलं की लांब काटा धावे, खालचं दाबलं की जागेवर येई. नववं सगळ्यांत दुर्मीळ. ते त्यानं घरात कुणाच्या दृष्टीसही पडू दिलं नव्हतं. चोर कपाट फोडेल, शेंगदाण्याचा डबा कशाला उपसेल, असा विचार करून त्या शहाण्यानं ते भाजलेल्या दाण्यांच्या तळाशी पुरलं होतं!

आणि तोच डबा त्याच्या आईनं, गुरम्मानं, उखळात रिता केला. म्हातारीला धड दिसत नव्हतं, धड ऐकू येत नव्हतं; पण शेंगाचटणी कुटायची ती तिनंच, आणि नागप्पानं जेवायचं ते त्याच चटणीशी.

काशम्मानं चुरडलेली चाकं पाहिली. मागच्या साली म्हातारीनं प्रेमानं एक घड्याळ ओल्या फडक्यानं पुसलं होतं, तर नागप्पा तीन महिने तिच्या हातचं जेवला नव्हता... आणि म्हातारीनंही अन्न टाकलं होतं! आता हे कळलं तर म्हातारीचा जीव राहील? तिनं सारा चुरा परसात बेलाखाली पुरला, घाईघाईनं उखळ धुतलं, नवी चटणी कुटली.

दुपारी नागप्पाच्या दातांखाली कच्‌ झालं. त्यानं मोहरीएवढा लाल खडा थुंकला.

"दाणे निवडाया डोळे न्हाईत व्हय तुला, काशम्मा?"



संध्याकाळी त्यानं डबा उघडला आणि घर हादरलं. "कुणी हात घातला ह्यात?" तो आईकडं वळला. "अव्वा, तू तर..."

"मी घातला, भावजी!" काशम्मा मध्ये आली. "मीच घेतलं. तुमी खड्यावरनं बोललासा, राग आला... विहिरीत टाकलं."

नागप्पानं तीन दिवस विहीर उपसली. दोन कळश्या निघाल्या, एक समई निघाली, सत्तेचाळीस साली हरवलेला भोवरा निघाला, तोही म्हणे फिरतच होता! घड्याळ निघालं नाही. "विहिरीत न्हाय, माहेरी टाकलंय हिनं! चोरटी!" तो गरजला. काशम्माच्या नवऱ्यानं, सिद्धारामनं, "अण्णा, जरा ऐक की..." म्हणताच त्याच्या अंगावर भांडी आली. त्याच रात्री ती दोघं शहराबाहेर कुंभारीला एका खोलीत राहायला गेली. नवऱ्यालाही तिनं खरं सांगितलं नाही. तो भावाशी भांडता आणि गोष्ट म्हातारीपर्यंत पोचती.

पाच वर्षं! सात रस्त्याच्या चौकात सिद्धाराम दिसला की नागप्पा रस्त्यावर थुंके. बांगड्या विकणाऱ्या अकबरीच्या टोपलीतून काशम्मा सासूला चटणी पाठवी, नागप्पाला सापडली की तो ती कुत्र्यापुढं टाकी आणि वर निरोप धाडी, "त्या बाईला म्हणावं, चोराच्या हातचं कुत्रंबी खात न्हाय!" कुत्रं चाटूनपुसून खाई, ते अकबरी सांगत नसे...

सत्त्याहत्तरात गुरम्मा गेली. तिच्या नावानं घातलेल्या शिवगणाराधनेच्या जेवणाच्या दिवशी पंगत बसायची वेळ झाली आणि काशम्मा दारात उभी राहिली. पाच वर्षांत पांढरे झालेले केस, डोळ्यांत पूर... नागप्पा उंबऱ्यात आडवा झाला.

"त्या बाईला सांगा, आत यायचं तर चार माणसांत कबूल कर म्हणावं! काय केलंस माझ्या घड्याळाचं?"

साऱ्या पंगतीनं माना वळवल्या.  म्हातारी आता कशानंच दुखावणार नव्हती... पण मेलेल्या माऊलीच्या नावाला तिच्या जेवणाच्या दिवशी बट्टा लावायचा? तिनं पदर सावरला.

"सांगते की. डब्यातनं काढलं, विहिरीवर गेले. लई देखणं होतं, भावजी! वरचं बटन दाबलं, काटा भिरभिर पळाला. मग खालचं दाबलं, काटा जागेवर आला... आन् दिलं टाकून. डुबुक्‌ वाजलं, मी कानानं ऐकलं!"

नागप्पाचा उगारलेला हात तसाच राहिला.

"पुन्यांदा सांग. काय दाबलंस?"

"खालचं बटन..."

त्यानं उंबरा सोडला. काचेच्या कपाटाकडं पाहिलं. मग पंगतीच्या पानांकडं, चटणीच्या जागी आज रिकाम्या राहिलेल्या कोपऱ्याकडं. घड्याळाच्या चाकांखाली बसवतात तो माणकाचा लाल खडा, त्याच्यासारख्या पारख्यानं आईच्या हातच्या घासातून थुंकला होता, आणि ओळखला नव्हता! दाण्यांत ते पुरणाराही तोच...

"खोटं!" तो ओरडला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडं बघून ओरडला, त्याचा आवाज चिरकला, गालांवरून आसवं घळघळली. "साफ खोटं बोलतीस तू, पोरी! त्याला एकच बटन होतं... चावीच्या टोकाला! खालचं बटन त्याला नव्हतंच!"